राखणीचा कुत्रा आणि घरात उरलेली डोळ्याची ट्यूब

आज भात-नागलीचं नाही, राखणीच्या कुत्र्याचं लिहितोय.

जव्हार-मोखाड्यात डुकरं हाकलायला, शेळ्या-कोंबड्या राखायला कुत्रा लागतोच. त्याच्या डोळ्यात चिपडं धरली की आपण म्हणतो, डोळे आले. मग घरातली उरलेली ट्यूब नाहीतर मेडिकलमधला कुठलाही ड्रॉप घालतो. माझं मत स्पष्ट आहे, तपासल्याशिवाय कुत्र्याच्या डोळ्यात औषध घालू नये.

चिपडं चिकट, रोजचीच असतील आणि डोळ्याची चमक गेली असेल तर तो कोरडा डोळा असू शकतो. डोळ्याचं पाणी आटतं, हळूहळू काळपट थर चढतो आणि दिसणं कमी होतं. दवाखान्यात कागदाची पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट धरतात. १५ मिलीमीटर किंवा जास्त भिजली तर पाणी पुरेसं आहे, १० च्या आत राहिली तर कमी. मग रंग घालून जखम आहे का बघतात. जखम असली तर ती हिरवी दिसते.

ही जखम बघणं फार महत्त्वाचं. बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं. ते जखमेवर पडलं तर जखम भरत नाही, खोल जाते, डोळा फुटूसुद्धा शकतो. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणखी एक. गुरांची सल्फाची गोळी उरली की काहीजण तुकडा मोडून कुत्र्याला देतात. सल्फानेही कुत्र्याच्या डोळ्याचं पाणी आटू शकतं. डिस्टेंपर रोगानेही आटतं, म्हणून त्याची लस टोचून घ्या.

कोरड्या डोळ्यावर डॉक्टर बहुतेक सायक्लोस्पोरिनचं मलम देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून बंद केलं की दुखणं परत येतं. बहुतेक कुत्र्यांना ते जन्मभर लागतं. घालताना आधी कोमट पाण्याच्या स्वच्छ फडक्याने चिपडं पुसा. ट्यूबचं टोक डोळ्याला टेकवू नका. दोन औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. नंतर हात धुवा. डोळा एकदम लाल झाला, मिटून घेतला किंवा पांढरट दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता आपल्याकडची खरी अडचण. दिवाळीनंतर अर्धं गाव कामाला भिवंडी-वसईकडे जातं. मागे राहिलेल्या कुत्र्याला दोन वेळा औषध कोण घालणार? हे ट्यूब विकत घेण्याआधीच ठरवा. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला नाहीतर शेजाऱ्याला हाताने घालून दाखवा.

आणि एक मागणी. ही पट्टी आणि तो रंग काही मोठं मशीन नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन्ही कायम असायला हवं. एवढ्या तपासणीसाठी मोखाड्याच्या माणसाने कुत्रा घेऊन नाशिक नाहीतर परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठायचं का? पेज वाचणाऱ्या कृषी आणि पशुसंवर्धनच्या साहेबांनी हे वर कळवावं. ग्रामसभेत आपणही बोलू. शेत राखणारा जीव आहे, त्याचा डोळा अंदाजाने घालवायचा नाही.