व्हिजिट चार्ज कशाचा?

घरच्या बोअरची सिंगल फेज मोटार नुसती घुं घुं करायची, पाणी नाही. तालुक्याहून मिस्त्री आला, पेटी उघडली, "कपॅसिटर गेलाय, आत्ता जवळ नाही" म्हणाला अन् तीनशे रुपये घेऊन गेला. चार दिवस झाले, जनावरांसकट घर शेजाऱ्याच्या पाण्यावर. फोन केला तर म्हणतो, परत यायचे परत तीनशे!

पेट्रोल लागतं, वेळ जातो, कबूल. पहिले तीनशे द्यायलाच पाहिजेत. पण सामान आणलं नाही ही चूक त्याची, दुसरी फेरी आपल्या माथी का? ट्रॅक्टरवाला अर्धं रान नांगरून गेला तर उरलेल्यासाठी येण्याचे वेगळे पैसे मागतो का?

बोलावतानाच मोटार किती एचपीची, काय होतंय ते सांगा. दुसऱ्या फेरीचं आधीच ठरवा अन् पावती घ्या.