विश्लेषण : टीव्हीवरच्या ‘लॅप टाइम’वर किती विश्वास ठेवावा?

खराडी बायपासच्या चौकात संध्याकाळी सात वाजता सहाशे अश्वशक्तीची मोटार आणि रिक्षा एकाच वेगाने सरकत असतात. तरीही शेजारच्या आयटी पार्कमध्ये जेवणाच्या सुट्टीत ‘ट्रॅकवर कोणती गाडी किती सेकंदांनी पुढे’ हा वाद रंगतो, आणि त्यात शेवटचा शब्द असतो टीव्हीवर पाहिलेल्या आकड्याचा. एक ट्रॅक, एक चालक, एक घड्याळ. जी आधी पोहोचली ती सरस. वरकरणी यापेक्षा न्याय्य परीक्षा नाही. पण ती खरोखर न्याय्य असते का?

ही तुलना नेमकी कशी होते?

बंदिस्त सर्किटवर व्यावसायिक चालक गाडी पूर्ण क्षमतेने पळवतो आणि एका फेरीची वेळ नोंदवली जाते. हा प्रकार घराघरांत पोहोचवला तो बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ने. इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या डन्सफोल्ड या जुन्या विमानतळावर सुमारे २.८ किलोमीटरचा ट्रॅक आखलेला होता. ‘द स्टिग’ हा हेल्मेटआड चेहरा लपवलेला चालक तिथे गाडी पळवायचा आणि वेळेची पट्टी फळ्यावर लागायची. आपल्याकडच्या वाहनविषयक कार्यक्रमांनीही हीच पद्धत उचलली. आता ती पंधरा-वीस लाखांच्या सेदानपर्यंत आली आहे. म्हणजे हा विषय अब्जाधीशांच्या खेळण्यांपुरता राहिलेला नाही. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याच्या निर्णयातही त्या आकड्याचा वाटा असतो.

‘टॉप गिअर’चा फळा किती न्याय्य होता?

त्याला काही नियम होते. ट्रॅक ओला असेल तर वेळेसोबत तसे लिहिले जाई. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी हवी, तिला गतिरोधक ओलांडता यायला हवा, अशीही अट होती. कॅपारो टी-१ या गाडीने १ मिनिट १०.६ सेकंदांची वेळ दिली; पण गतिरोधकाच्या अटीत न बसल्याने तिचे नाव फळ्यावरून काढण्यात आले. खराडीच्या अंतर्गत रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या कोणालाही ही अट मनापासून पटेल.

पण याच फळ्यावर दुसरे उदाहरणही आहे. २००६ मध्ये स्वीडनची कोनिगसेग सीसीएक्स चाचणीदरम्यान ट्रॅकबाहेर गेली. मागची बाजू जमिनीला पुरेशी दाबली जात नाही, असे निदान झाले. कंपनी मागे पंख बसवून गाडी पुन्हा घेऊन आली आणि १ मिनिट २०.४ सेकंदांची वेळ थेट १ मिनिट १७.६ सेकंदांवर येऊन ती पहिल्या क्रमांकावर गेली. गाडी सुधारली हे खरेच. पण परीक्षेत चूक कळल्यावर पुन्हा पेपर लिहिण्याची अशी संधी फळ्यावरच्या प्रत्येक गाडीला मिळाली नव्हती.

हवामान, उंची आणि टायर यांनी किती फरक पडतो?

इंजिनाला इंधन जाळायला हवा लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्के विरळ असते. तापमानाचा परिणाम याहून मोठा. १५ अंशांच्या सकाळी आणि ४५ अंशांच्या दुपारी हवेच्या घनतेत नऊ-दहा टक्क्यांचा फरक पडतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो इंजिन हा तोटा बऱ्याच अंशी भरून काढते आणि विजेच्या मोटरला तर हवेची गरजच नाही. म्हणजे लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर जिंकलेली गाडी समुद्रकिनारी हरू शकते, आणि त्यात दोष कोणाचाच नसतो.

टायरचे तसेच. अर्धवट रेसिंगचे, मऊ रबराचे टायर चढवले की वेळ काही सेकंदांनी कमी होऊ शकते. मात्र तेच टायर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर धोक्याचे ठरतात आणि लवकर झिजतात. शिवाय निष्णात चालकाच्याही लागोपाठच्या दोन फेऱ्यांत काही दशांश सेकंदांचा फरक पडतोच. अशा वेळी एकाच फेरीच्या आधारे ०.२ सेकंदांनी ‘विजेता’ ठरवणे म्हणजे भाजीवाल्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे.

वाद कुठवर जातो?

२००८ मध्ये निस्सानने जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या सुमारे २१ किलोमीटरच्या ट्रॅकवर जीटी-आर गाडीची वेळ ७ मिनिटे २९ सेकंद असल्याचे जाहीर केले. पोर्शेने स्वतः एक जीटी-आर विकत घेतली, आपल्या चालकाकडून चालवून पाहिली आणि वेळ आली ७ मिनिटे ५४ सेकंद. एकाच नावाची गाडी, एकच ट्रॅक आणि फरक २५ सेकंदांचा. टायर, चालक की गाडीच वेगळी, यावर बराच खल झाला. पुढे २०१९ पासून त्या ट्रॅकवरच्या अधिकृत विक्रमासाठी २०.८३२ किलोमीटरची संपूर्ण फेरी आणि नोटरीची उपस्थिती बंधनकारक झाली.

भारतात काय चित्र आहे?

 अशा चाचण्या चेन्नईजवळ, कोइम्बतूरला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर होत आल्या आहेत. ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर २०१७ मध्ये मर्सिडीज-एएमजी जीटी आर या गाडीने २ मिनिटे ९ सेकंदांच्या घरात वेळ दिली. गाडी चालवली होती जर्मन रेसिंग चालकाने. पुढच्याच वर्षी नारायण कार्तिकेयनने पोर्शे ९११ जीटी२ आरएस २ मिनिटांच्या किंचित वर आणली. बातम्यांचा सूर ‘विक्रम मोडला’ असाच होता. पण पहिली गाडी ५८५ अश्वशक्तीची आणि सुमारे सव्वादोन कोटींची, दुसरी ७०० अश्वशक्तीची आणि पावणेचार कोटींहून अधिक किमतीची. दिवस वेगळा, चालक वेगळा. दोन्ही आकडे खरे. मात्र ते शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष कच्चा.

न्यायालयाचे म्हणणे काय?

डिसेंबर २००८ च्या एका भागात ‘टॉप गिअर’ने टेस्ला रोडस्टर ही विजेवरची गाडी ट्रॅकवर पळवली आणि ती सुमारे ५५ मैलांत चार्ज संपवेल, असे सांगितले. कंपनीचा दावा २०० मैलांचा होता. टेस्लाने २०११ मध्ये बीबीसीवर खटला भरला. लंडनच्या उच्च न्यायालयाने बदनामीचा दावा फेटाळला. ट्रॅकवरचे चालवणे आणि सार्वजनिक रस्त्यावरचे चालवणे यांत इतका फरक आहे की, समजूतदार प्रेक्षक दोन्हींची थेट तुलना करणारच नाही, असा त्यामागचा तर्क. २०१३ मध्ये अपिलातही टेस्लाच्या पदरी निराशाच आली.

कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच. मात्र यातून कार्यक्रमांना एक सोयीची पळवाट मिळते. आकडा दाखवायचा दशांश सेकंदांच्या काटेकोरपणाने आणि प्रश्न आला की म्हणायचे, ‘ही तर करमणूक!’ दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

मग न्याय्य चाचणी कशी असते?

त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या सुरक्षा मानांकनाच्या चाचण्या ‘एआरएआय’च्या चाकण येथील केंद्रात होतात. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने, बाजूची ५० किलोमीटरने; पद्धत ‘एआयएस-१९७’ या मानकात आधीच लिहिलेली. गाडी पास झाली की नापास, यावर वाद घालता येईल. पण परीक्षा काय होती, यावर नाही. करमणुकीच्या कार्यक्रमाने प्रयोगशाळा व्हावे, असे कोणी म्हणत नाही. किमान परीक्षेच्या अटी तरी सांगाव्यात.

त्यासाठी पडद्याच्या तळाशी एक पट्टी पुरे. तापमान किती, ट्रॅक कोरडा की ओला, टायर कोणते, चालक कोण, किती फेऱ्यांतली ही सर्वोत्तम वेळ, गाडी कंपनीने तयार करून पाठवली की शोरूममधून उचलली, आणि प्रवास व ट्रॅकचा खर्च कोणी केला. शेवटचा मुद्दा ऐच्छिक मानू नये. समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांनी फुकट वस्तू वा सहलीसारखे हितसंबंध उघड करावेत, असे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. टीव्हीवरच्या समीक्षकाला याहून सैल माप कशासाठी?

प्रेक्षकाने काय लक्षात ठेवावे?

एकाच दिवशी, एकाच चालकाने, सारख्या टायरवर चालवलेल्या दोन गाड्यांची तुलना उपयोगाची असते. ब्रेक तापल्यावर कोणती गाडी ढेपाळते, वळणावर कोणती विश्वास देते, हे अशा चाचणीतच कळते. चालकाचे हे शब्द लक्ष देऊन ऐकावेत. वेगवेगळ्या दिवशीच्या आकड्यांची उतरंड मात्र मनावर घेऊ नये.

आणि एक गोष्ट कोणतेही कोष्टक सांगत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे खराडीपासून काही किलोमीटरवर, कल्याणीनगरमध्ये, एका पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याचे खापर टीव्हीवर फोडणे चूक ठरेल. पण ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, कोणी रस्ता ओलांडत नाही आणि चूक झाली तर बाजूला मोकळी जागा असते, हे दर वेळी स्पष्ट सांगणे कार्यक्रमांचे कर्तव्य आहे. ट्रॅकवरच्या वेळेच्या अटी सांगायच्या, तर ही अट सर्वात आधी सांगायला हवी.