गिरियात्रा : औषध आणि त्याची मात्रा

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. पेढी मुलांवर सोपवून अनेक कुटुंबे पालिताणा, गिरनार, मांगीतुंगी, गजपंथा येथे निघतात. वर्षभर गादीवर बसून, दुकानातील दिव्यांच्या उजेडात दिवस घालवणाऱ्या आपल्या समाजासाठी ही गिरियात्रा धर्मलाभाबरोबरच आरोग्यलाभही आहे.

रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना केली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. ही मिनिटे एकाच दिवशी घालवली की थोडी थोडी, याने फरक पडला नाही.

परंतु औषधाला मात्रा असते. शत्रुंजयाच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या, गिरनारच्या अखेरच्या टोकापर्यंत सुमारे दहा हजार. वर्षभर न चाललेले हृदय एका सकाळी इतका भार सहजासहजी पेलत नाही. त्यात उपवास असेल तर जोखीम वाढते. मधुमेहींनी इन्सुलिन किंवा काही गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चौविहारी उपवासात उन्हाचा तडाखा अधिक बाधतो. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी गुरुमहाराजांप्रमाणेच डॉक्टरांनाही विचारावे.

यात्रेआधी दोन महिने रोज सकाळी बागेत किंवा टेकडीवर अर्धा तास चालावे. चढण पहाटे उजाडताच सुरू करावी. छातीत दडपण, घाम, चक्कर जाणवल्यास तेथेच थांबावे व मदत मागावी. संकोच करू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

ईर्यासमिती साधूंना दिवसाच्या प्रकाशात, पुढची चार हात भूमी न्याहाळीत चालण्यास सांगते. तो नियम जीवदयेचा आहे. पण तसे चालणाऱ्याचा पाय निसटत नाही आणि सापावरही पडत नाही. मुंगीला अभय देणारे पाऊल चालणाऱ्यालाही जपते.

आणि ज्या ज्येष्ठांचे शरीर साथ देत नाही, त्यांना घरच्यांनी आग्रह करू नये. तळेटीवरून केलेले भाववंदनही वंदनच असते.