वसतिगृहाच्या दारात मंडळी कशाला विचारता?



ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली स्त्री कॉर्नेलिया सोराबजी. रेव्हरंडांची ही मुलगी लहानपणी आपल्या बेळगावात राहिली, हे आपण अभिमानानं सांगतो. पण ती तिथं ज्या सॉमरव्हिलमध्ये राहून शिकली, त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

१८७९ पर्यंत त्या जुन्या विद्यापीठात मुलींना राहून शिकायची सोयच नव्हती. सोय करायला निघालेली मंडळी एका प्रश्नावर अडली. मुलींचं वसतिगृह चर्च ऑफ इंग्लंडच्या शिस्तीत चालवायचं की नाही? एकमत होईना, म्हणून दोन वसतिगृहं झाली. लेडी मार्गारेट हॉल अँग्लिकन राहिलं. दुसऱ्याला मेरी सॉमरव्हिल या विदुषीचं नाव दिलं. तिथं कुणाला पंथ विचारायचा नाही असं ठरलं. पहिल्या वर्षी मुली होत्या फक्त १२.

कॉर्नेलिया १८८९ मध्ये आली. १८९२ मध्ये तिच्यासाठी खास परवानगी काढावी लागली, तेव्हा कुठं कायद्याच्या परीक्षेला बसता आलं. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला १९२० उजाडलं. हिला मिळाली १९२२ मध्ये. तीस वर्षं थांबली बिचारी! नोबेल मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन आणि आपल्या इंदिरा गांधीही पुढं याच कॉलेजात शिकल्या.

पंथ न विचारल्यानं तिथली भक्ती काही आटली नाही. १९३५ मध्ये कॉलेजात चॅपल झालं, तेही कुठल्या एका पंथाचं नाही. हे सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर आहे, अशा अर्थाचे शब्द त्याच्या दारावर कोरले आहेत.

आता आपल्याकडे बघा. गेल्या जूनमध्ये खेड्यातल्या एका मुलीला घेऊन मी एका वसतिगृहात गेले. खाट रिकामी होती. "बाप्तिस्मा कोणत्या मंडळीत?" दुसऱ्या मंडळीचं नाव ऐकताच बाईंनी वही मिटली. ती पोर आज रोज दोन बस बदलून कॉलेजला येते.

आपल्या संस्थांच्या कमिट्यांना हात जोडून सांगते, अर्जातली ती एक ओळ खोडा. गरज विचारा, मार्क विचारा. आपली उपासना आपल्यापाशी राहीलच. दार तेवढं उघडं ठेवा.

— एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव