पॅच मिळेनासा झाला तर

रजोनिवृत्तीविषयी मोकळेपणाने बोलण्याची रीत आपल्या घरांत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या कर्त्या पुरुषाला मालाचा तुटवडा आठ दिवस आधी कळतो. पत्नीचे औषध मिळेनासे झाल्याचे मात्र तिची झोप उडाल्यावरच कळते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

ओवे येथील आमच्या परिचयाच्या एका भगिनींचे दोन्ही बीजकोश वयाच्या 42 व्या वर्षी शस्त्रक्रियेत काढावे लागले. त्वचेवर चिकटवण्याचा इस्ट्रोजेनचा पॅच त्यांना चांगला मानवला होता. आपल्याकडे तो सहज मिळत नसल्याने परदेशस्थ बंधू पाठवीत असत. तिकडेच टंचाई झाली आणि पुरवठा थांबला. असे तुटवडे नवे नाहीत. ब्रिटनमध्ये एप्रिल 2022 मध्ये इस्ट्रोजेनच्या जेलसह काही औषधे एका वेळी 3 महिन्यांपुरतीच देण्याचे बंधन आले होते. न्यूझीलंडने 2024 साली पॅचच्या टंचाईमुळे जेल सरकारी खर्चाने उपलब्ध केले.

अशा वेळी पॅच मनाने कापणे, तोच अधिक दिवस लावून ठेवणे किंवा उपचार एकाएकी सोडणे योग्य नव्हे. बीजकोश लवकर काढलेल्या स्त्रीला हा उपचार नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत सहसा सुचवला जातो. कारण प्रश्न केवळ अंगातून वाफा येण्याचा नसून हाडांच्या बळकटीचाही असतो.

पर्याय प्रामुख्याने दोन. पहिला जेलचा. तेही त्वचेतूनच शरीरात जाते, म्हणून पॅचला अधिक जवळचे. मात्र त्यात अल्कोहोल असल्याने ते पूर्ण वाळेपर्यंत दिवा, आरती, शेगडी यांपासून दूर राहावे आणि लावलेल्या जागेचा लहान मुलांना स्पर्श होऊ देऊ नये. दुसरा पर्याय एस्ट्रॅडिऑलच्या गोळीचा. पोटातून घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका काहीसा वाढतो. त्यामुळे पूर्वी गुठळी झालेली असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पॅचची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये. माल बदलला की मापही बदलते, म्हणून हा हिशेब डॉक्टरांनीच करावा. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांना हे उपचार सहसा दिले जात नाहीत.

गर्भाशय शाबूत असल्यास इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखे औषधही लागते. अन्यथा गर्भाशयाच्या अस्तराला धोका संभवतो. येथे आपल्या आचाराचा प्रश्न येतो. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते, आणि तिने गुंगी येत असल्याने ती झोपताना घेण्यास सांगतात. चौविहार पाळणाऱ्या श्राविकेला ही अडचण पॅचने कधी आली नव्हती. डायड्रोजेस्टेरॉनची गोळी किंवा गर्भाशयात बसवण्याचे हार्मोनयुक्त साधन चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येते. तसेच 'संयुग्मित इस्ट्रोजेन' या नावाची काही औषधे गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनतात. प्रेमारिन हे त्यांतील जुने नाव, 1942 पासूनचे. औषधाचा उगम विचारण्यात संकोच कशाला? मात्र उत्तर मिळेपर्यंत चालू उपचार परस्पर बंद करू नये.

आता थोडे व्यवहाराचे. चिठ्ठीवर केवळ कंपनीचे नाव न घेता औषधाचे मूळ नाव व मात्रा लिहून घ्यावी. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या अ‍ॅपवर त्याच घटकाची इतर उत्पादने व त्यांच्या किमती पाहता येतात, आणि औषध मिळत नसल्याची तक्रार 'फार्मा जन समाधान'वर नोंदवता येते. मुदत ठेवीची तारीख आपण जशी लिहून ठेवतो, तशी शेवटच्या पाकिटाची तारीखही लिहून ठेवावी आणि चार आठवडे आधी चौकशीला लागावे.

आमच्या परिचयातील त्या भगिनींचे गर्भाशयही काढलेले असल्याने डॉक्टरांनी त्यांना केवळ जेल दिले. तीन महिन्यांनी मात्रेचा फेरविचार होईल. आता त्यांचे यजमान दुकानाच्या खरेदीच्या यादीतच त्या औषधाचे नाव लिहितात. घरोघरी एवढे झाले तरी पुष्कळ होईल.