हाडांसाठी पट्टा : कोणाला चालेल, कोणाला नाही

पन्नाशी ओलांडलेल्या भगिनी आम्हाला विचारतात : डेक्सा तपासणीत हाडे विरळ निघाली, डॉक्टरांनी औषध लिहून दिले, पण ते घ्यायची भीती वाटते. त्याऐवजी अंगावर घालायचे एखादे साधन चालेल का?

आधी रिपोर्टवरचा टी-स्कोअर पाहावा. तो उणे 1 ते उणे 2.5 यांच्या दरम्यान असेल, तर हाडे विरळ होऊ लागली आहेत; याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल, तर तो ऑस्टिओपोरोसिस. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर आकडा बरा दिसला तरी हाडे धोक्यात आहेत असेच समजावे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी 2024 मध्ये 'ऑस्टिओबूस्ट' या पट्ट्याला मान्यता दिली. तो कमरेला बांधून रोज 30 मिनिटे वापरायचा. त्याची सौम्य थरथर खुब्याला आणि पाठीच्या खालच्या मणक्यांना मिळते. वर्षभराच्या चाचणीत आठवड्यातून किमान तीनदा तो वापरणाऱ्या स्त्रियांच्या मणक्यांची ताकद सुमारे अर्धा टक्का घटली; नकली पट्टा बांधलेल्यांची सुमारे 2.8 टक्के. म्हणजे झीज मंदावली, पण हाड नव्याने भरले नाही. पट्ट्यामुळे हाड मोडणे टळते, असेही या चाचणीतून सिद्ध झालेले नाही. शिवाय मान्यता आहे ती पाळी थांबलेल्या आणि ऑस्टिओपेनिया असलेल्या स्त्रियांसाठीच, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

वजनाच्या जॅकेटचे काय? वजन कमी करणाऱ्या 150 वयस्क व्यक्तींवर अमेरिकेत 12 महिने अभ्यास झाला. तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. जॅकेट घालूनही खुब्याच्या हाडाची झीज थांबली नाही. मणका आधीच नाजूक असेल, तर असा भार विचारल्याशिवाय घेऊच नये. खुब्यावर गादी असलेली अंतर्वस्त्रेही मिळतात. त्यांनी हाड भरत नाही, पण वारंवार पडणाऱ्या वृद्ध नानी-दादींना पडल्यावर बसणारा मार कमी होतो. लोहचुंबकाच्या पट्ट्यांवर आणि कड्यांवर मात्र पैसे घालवू नयेत.

पट्टा असो वा नसो, रोजचे चालणे, स्नायूंना बळ देणारा व्यायाम, दूध, नाचणी, तीळ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी सुटू देऊ नये. वुजूच्या जागेची ओली फरशी पुसून ठेवावी. तिथे धरायला एक दांडी बसवून घ्यावी.

ऑस्टिओपेनिया असेल तर पट्ट्याविषयी डॉक्टरांशी जरूर बोलावे. ऑस्टिओपोरोसिस असेल तर पट्ट्याच्या भरवशावर औषध सोडू नये. विशेषतः दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन मध्येच बंद केले, तर हाडांची झीज झपाट्याने होते आणि एकापाठोपाठ एक मणके मोडू शकतात. औषधाची भीती वाटत असेल, तर ती डॉक्टरांसमोर बोलून दाखवावी. दुसरे औषध निवडता येते; मोडलेला मणका मात्र पूर्वीसारखा होत नाही.