उपाशी पोटी शिसे

अंगणवाडीत मुलाचे वजन होते, उंची मोजली जाते, रक्तक्षय दिसला तर लोहाचे औषध मिळते. त्याच मुलाच्या रक्तात शिसे किती आहे, हे मात्र नियमितपणे कोणीही तपासत नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असावे. त्यांपैकी साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली आहेत. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२१ या एका वर्षात जगभरात पंधरा लाखांहून अधिक मृत्यू शिशाच्या खाती नोंदले गेले, ते मुख्यतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांतून झालेले. मुलांची बुद्धी, एकाग्रता आणि शाळेतली प्रगती यांचे नुकसान तर त्या आकड्यात धरलेलेच नाही.

प्रदूषणाचे खाते निराळे आणि पोषणाचे निराळे, ही सरकारी वाटणी मुलाच्या शरीराला ठाऊक नसते. आतड्यातल्या ज्या वाटेने लोह शोषले जाते, त्याच वाटेने शिसेही आत शिरते. शरीरात लोह कमी पडले की आतडे ती वाट अधिक रुंद करते. कॅल्शियम कमी पडले तरी तेच घडते. पोट रिकामे असेल तर गिळलेल्या शिशाचा कितीतरी मोठा वाटा रक्तात उतरतो. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार ते पाच पट शिसे शोषू शकते, आणि ते रांगते, बोटे तोंडात घालते, म्हणून त्याच्या पोटात धूळही जास्त जाते. एकदा आत गेलेले शिसे हाडांत दशकानुदशके साचून राहते. बाई गरोदर राहिली आणि बाळाच्या हाडांसाठी तिची हाडे झिजू लागली, की तिच्या बालपणीचे शिसे पुन्हा रक्तात येते आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. एका पिढीची उपासमार आणि एका पिढीचे प्रदूषण असे दोन्ही पुढच्या पिढीच्या वाट्याला येतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के भारतीय मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा त्याहून थोडा वरच आहे. शिशाला दार सर्वांत मोठे उघडे आहे ते याच मुलांच्या शरीरात.

पेट्रोलमधले शिसे भारताने २००० साली काढले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जेरियाने काढले. या बदलाचे फळ अमेरिकेत मोजलेले आहे. तिथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तातली शिशाची सरासरी १९७० च्या दशकाच्या अखेरीस १५ मायक्रोग्रॅम होती, ती दहा-बारा वर्षांत चारच्याही खाली आली. त्यासाठी एकाही आईला काही शिकवावे लागले नाही. म्हणूनच ‘लोकांनी काळजी घ्यावी’ हे धोरण होऊ शकत नाही. विष जिथे मिसळले जाते, तिथेच ते थांबवावे लागते.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण बांगलादेशाचे आहे. ग्रामीण भागातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडत होते, पण आसपास कारखाना नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याचे अतिसार रोग संशोधन केंद्र यांच्या संशोधकांनी माग काढला, तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या हळदीच्या डब्यापाशी थांबला. १९८० च्या दशकात पुरात भिजून काळवंडलेली हळकुंडे खपावीत म्हणून पॉलिश करताना त्यांना पिवळे लेड क्रोमेट चोळायला सुरुवात झाली. गिऱ्हाइकाला झळझळीत पिवळा रंग आवडला आणि ती रीतच पडली. २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाल्यावर सरकारने बाजारोबाजारी सूचना लावल्या, हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे घेऊन अधिकारी घाऊक बाजारात उतरले, विक्रेत्यांना दंड झाला आणि ते सगळे दूरचित्रवाणीवर दिसले. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. हळद-गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी घटले. श्रीमंत नसलेल्या एका देशाने दोन वर्षांत हे साधले.

आपल्याकडे पाटण्याच्या बाजारातल्या हळदीत शिशाचे प्रमाण धोकादायक असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोलीही हळदीसाठी ओळखला जाणारा जिल्हा आहे. रंगाची भेसळ होते ती शेतात नव्हे, पॉलिश आणि दळणाच्या टप्प्यावर. त्यामुळे प्रत्येक हळद बाजार समितीत सौद्याच्या जागीच तपासणी झाली, तर सर्वांत मोठा लाभ प्रामाणिक शेतकऱ्याचाच होईल.

हळद ही एकच वाट नाही. इन्व्हर्टर आणि ई-रिक्षांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या बेकायदा भट्ट्या वस्त्यांना चिकटून चालतात. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली, पण भंगारवाला रोख पैसे देतो. सेनेगलमध्ये डकारजवळ अशाच उद्योगाने २००७-०८ मध्ये १८ मुलांचा जीव घेतला. घरगुती रंगांसाठी आपण ९० पीपीएमची मर्यादा आणली, पण औद्योगिक रंग तिच्याबाहेर राहिले. कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असली, तर तेही भाजी-आमटीत उतरते.

महाराष्ट्र सरकारने या वर्षाच्या अर्थसंकल्पात तीन गोष्टींसाठी पैसा ठेवावा. भट्ट्यांच्या आणि बॅटरी-भंगाराच्या परिसरातल्या अंगणवाड्यांत मुलांच्या रक्तातल्या शिशाची नमुना तपासणी व्हावी आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत. अन्न व औषध प्रशासनाला क्ष-किरण यंत्रे आणि ती चालवणारी माणसे मिळावीत. ज्या मुलांत शिसे सापडेल आणि ज्यांच्या आहारात लोह, कॅल्शियम कमी असेल, त्यांना ते पुरवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस आहे. अंगणवाडीतला लोहाचा डोस आणि प्रदूषण मंडळाची भट्टीवरची कारवाई एकाच मुलासाठी असते. त्या दोन्हींचा हिशेब एकाच अधिकाऱ्याकडून मागितला गेला पाहिजे, आणि तो अधिकारी कोण, हे आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगावे.